बाबा, ती नळी तुमच्यामुळे गेली नाही

बाबा,

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले. वरच्या मजल्यावरच्या जैन आंटींकडून आणलेल्या गाद्या परत गेल्या. काल सकाळी कॉलेजला निघायच्या घाईत, एका पायात चप्पल घालून मी मोबाइल उघडला, तर संपादकांचं पत्र. आपला निबंध स्वीकारला. आपला प्राणी नवी प्रजाती म्हणून मान्य केला. दोन किरकोळ दुरुस्त्या करून आठवड्याभरात परत पाठवा, एवढंच. मी दारातूनच ओरडले, "बाबाऽ, झालं हो!" ओरडून झालं, आतून "काय झाला गो?" असं काही आलं नाही, तेव्हा मला आठवलं.

दुरुस्त्यांपैकी एक चित्राखालच्या मोजपट्टीची आहे. ती मी कालच केली. दुसरी त्या वाक्याची आहे. संपादक म्हणतात, डीएनएची तपासणी का होऊ शकली नाही ते जरा स्पष्ट लिहा. तिथे तुम्ही लिहिलेलं वाक्य आहे, तुम्ही सांगितलं आणि मी टाइप केलं ते: "ऊतींचा नमुना पहिल्या लेखकाच्या निष्काळजीपणामुळे प्रवासात खराब झाला." पहिले लेखक म्हणजे तुम्ही. ते वाक्य खोटं आहे बाबा. तुम्हाला ते खरं वाटत होतं. मला माहीत होतं.

तेराव्याला आलेले सगळे एकच म्हणत होते, सासरा-सुनेची अशी जोडी पाहिली नाही. नितीनच्या ऑफिसातले शर्माजी तर हात जोडून म्हणाले, "भाभीजी, आपने तो बेटी से बढ़कर किया." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते. मला लाज वाटत होती.

आता सगळं सांगते. तुमच्यासमोर सांगायला तीन वर्षं होती, तेव्हा दातखीळ बसली होती.

तुम्ही आमच्याकडे जयपूरला कायमचे आलात ते आई गेल्यानंतर. देवगडकडचं बंद घर, मत्स्यखात्यातली चौतीस वर्षांची नोकरी, आणि दोन ट्रंका. नितीन म्हणाला होता, ट्रंकेत कपडे असतील. कपडे एका पिशवीत मावले होते. ट्रंकेत वह्या होत्या, आणि गोधडीत गुंडाळलेल्या तीन बरण्या. त्या बरण्यांत ऑक्टोपस. मी अकोल्याकडची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते खरी, पण माझं संशोधन विंचवांवर. वाळवंटात राहायचं तर तेच सोयीचं. त्यातली एक बरणी खिडकीपाशी ठेवून तुम्ही मला म्हणालात, "सूनबाय, हेका नाव नाय." मला वाटलं, तुम्हाला नाव आठवत नाही. तुम्हाला म्हणायचं होतं की जगात कुणीच याला अजून नाव दिलेलं नाही.

चौतीस वर्षं तुम्ही साहेबांसाठी मासळी गोळा केलीत. पहाटे बंदरावर लिलावाच्या आधी पोचून टोपल्या धुंडाळायच्या, वेगळं काही दिसलं की धुऊन, मोजून, बरणीत भरून पाठवायचं. साहेबांचे निबंध छापून यायचे. शेवटी आभार मानायचे कुणाकुणाचे, त्यात कधी "खात्याचे कर्मचारी" असायचं, कधी तेही नसायचं. तुम्ही तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. पण एकदा सईला तिचा गृहपाठ शिकवताना तुम्ही पटकन म्हणून गेलात, "आपला नाव आपण लिवचा, दुसरो लिवचो नाय." सई तिच्या हिंदी-मराठीत म्हणाली, "मतलब आजोबा, वहीवर?" तुम्ही म्हणालात, "वहीवर, आणि सगळीकडे."

मग आपण कामाला लागलो. आपल्या घराचं काय झालं ते आठवतंय? डायनिंग टेबलावर जेवणं बंद. बरण्यांची झाकणं गळकी निघाली आणि अल्कोहोल उडून जायला लागलं. उन्हाळ्यात जयपूरला पाणी उडतं, तिथे अल्कोहोलची काय कथा! तेव्हा आपण दोघं सीकर रोडला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात गेलो होतो, एका लोणच्या-मुरब्ब्याच्या कारखान्यात, रुंद तोंडाच्या बरण्या मागायला. मालक म्हणाला, "बाऊजी, कितने किलो का अचार?" तुम्ही सरळ सांगितलंत, ऑक्टोपस ठेवायचा आहे. तो माणूस हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "जयपुर में ऑक्टोपस!" असं म्हणत त्याने कामगारांना बोलावलं, सगळ्यांनी तुमच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले, आणि बरण्यांचे पैसे घ्यायला तो तयार होईना. परत येताना ऑटोत तुम्ही म्हणालात, चौतीस वर्षांत माझं काम बघायला एवढी माणसं कधी जमली नव्हती.

आणि बरण्यांत टाकायच्या चिठ्ठ्यांसाठी सांगानेरचा कागद. मी हौसेने तुमच्या चित्रांसाठी तो हातकागद आणला होता, तर शाई पसरली आणि तुम्ही माझ्यावर उखडलात. पण कागद फेकला नाहीत. त्याची एक पट्टी कापून, पेन्सिलीने काहीबाही लिहून महिनाभर अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलीत. कागद सुताचा, विरघळला नाही. मग घरातल्या सगळ्या बरण्यांत सांगानेर पोहू लागलं. कागदाचा लगदा करणाऱ्या त्या कारागिरालाही तुम्ही मुद्दाम जाऊन हे सांगून आलात. तुमचं हे मला फार आवडायचं बाबा, ज्याची वस्तू चांगली निघाली त्याला जाऊन सांगायचं.

बरण्यांतले तीनही नमुने जुने, आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मग अल्कोहोलात ठेवलेले. फॉर्मॅलिनमध्ये प्राणी टिकतो, पण त्याचा डीएनए हाती लागत नाही. म्हणून ताजा हवा होता. तीन वर्षांपूर्वी मेमध्ये आपण चौघंही गावी गेलो, आणि चौथ्या दिवशी तुमचा चुलतभाऊ धावत आला, मिळाला म्हणून. जिवंत! आणि नर! मी कधी तुम्हाला पळताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. बंदरावर एका मावशीने तो आमिषाच्या बादलीत टाकला होता. तुम्ही तिच्याशी घासाघीस न करता ती अख्खी बादलीच घेतलीत. घरी आल्यावर परातीत समुद्राचं पाणी घालून तो सोडला, आणि तुम्ही वही घेऊन त्याचे रंग लिहीत बसलात. डोळ्याखाली दोन्ही बाजूंना तो खोटा डोळा. गर्द काळा डाग, त्याभोवती निळं कडं, आणि कड्याला खालच्या बाजूला एक फट. तुम्ही म्हणालात, ह्यो चष्मो लावून इलो. त्या दिवशीच नाव ठरलं, लॅटिनमध्ये चष्मेवाला.

मग तो गेला, तुम्ही त्याला थंड पाण्यात शांतपणे जाऊ दिलंत, आणि तेवढ्यात तुम्हाला चक्कर आली. ऊन, धावपळ, पोटात काही नाही. नितीनने तुम्हाला आत नेऊन आडवं केलं. तुम्ही आतून सांगितलंत, "आधी हाताचो तुकडो काप, अल्कोहोलात घाल. मगे बाकीचो फॉर्मॅलिनात." स्पष्ट सांगितलंत. मी "हो हो" म्हटलं.

आणि मी अख्खा फॉर्मॅलिनमध्ये टाकला.

का? काही कारण नाही हो. वीस वर्षं मुलांना तेच शिकवत आलेय. विंचू असो, पाल असो, बेडूक असो, आला की फॉर्मॅलिन. हात आपोआप गेला. मी मनात तुमच्या चकरेचा विचार करत होते, सईला ओरडत होते की परातीला हात लावू नकोस, आणि झाकण लावूनही टाकलं. असली चूक कॉलेजात शिकवणारी बाईच करू जाणे. तुमच्या बंदरावरच्या मावशीने केली नसती.

चार-पाच तासांनी तुम्ही उठून चहा घेत विचारलंत, "तुकडो घेतलंस मां गो?" त्या क्षणी मला माझी चूक उमगली. तेव्हा "नाही बाबा, विसरले" म्हटलं असतं, तर काय झालं असतं? तुम्ही दोन दिवस बोलला नसतात. तिसऱ्या दिवशी बंदरावर गेला असतात. पण मी म्हटलं, "घेतला बाबा." आणि मागच्या पडवीत जाऊन बरणी उघडली, फॉर्मॅलिनने कडक व्हायला लागलेल्या हाताचा तुकडा कापला, अल्कोहोलच्या नळीत टाकला, आणि तुमच्या त्या सांगानेरी चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख लिहिली. स्वतःला सांगितलं, चार तासांनी काय बिघडतं? कदाचित निघेलही काहीतरी. खोटं बोलणाऱ्याला असली आशा फार पटकन सापडते.

ती नळी तुम्ही जयपूरपर्यंत आणलीत ते मी जन्मभर विसरणार नाही. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी, थर्मास मांडीवर. दोन गाड्या बदलल्या. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर तुम्ही उतरून सरबतवाल्याकडून बर्फ मागून आणायचात, नितीन मागून ओरडायचा, "बाबा, गाडी सुटेल!" रतलामला बर्फ मिळाला नाही. कोट्यापर्यंत थर्मासात नुसतं कोमट पाणी उरलं होतं. तुमचा चेहरा एवढासा झाला. मी तुम्हाला म्हटलं, "अल्कोहोलात आहे बाबा, बर्फ नसला तरी चालतं." हे खरं होतं. पण तुम्हाला वाटलं, मी समजूत घालतेय.

मग प्रयोगशाळेचं उत्तर आलं: काहीही निघालं नाही. ते वाचून तुम्ही खुर्चीत बसलात आणि पहिलं वाक्य म्हणालात, "रतलामाक बर्फ मेळाक व्होयो होतो." आणि बाबा, मी तिथे उभी होते. हातात कागद होता. तुम्ही स्वतःला दोष देत होतात, आणि मी गप्प बसले. उलट मनातून थोडं सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षं तुमच्या चुलतभावाने बंदरावर नजर ठेवली. पुन्हा तो चष्मेवाला आला नाही. आता डीएनए नाही म्हटल्यावर एकच रस्ता उरला, जुन्या लोकांचा: मोजा, काढा, आणि नातेवाइकांशी ताडून पाहा. एका हातावर किती वाट्या, म्हणजे त्या चिकटणाऱ्या चकत्या. कल्ल्याला किती पट्ट्या. नराचा तिसरा उजवा हात, ज्याने तो मादीला बीज देतो, त्याच्या टोकाची लांबी किती. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टर म्हणत होते, करून टाका. तुम्ही म्हणत होतात, चित्रं पूर्ण होऊ देत. काही उलटसुलट झालं तर?

मोजायची तुमची ती पद्धत! हाताच्या दर दहा वाट्या मोजून झाल्या की जेवणाच्या वाटीत एक राजमा टाकायचा. दुपारभर बसून तुम्ही एका हाताची मोजणी पूर्ण केलीत आणि मी येऊन ते राजमे उचलून भिजत घातले. "बाप्पा, हे इथं काऊन?" म्हणत घातले. तुम्ही डुलकी काढून उठलात, वाटी पाहिलीत, कुकर पाहिलात. जेवताना एक एक राजमा ताटाच्या कडेला रांगेत लावत गेलात. सई हसून लोटपोट झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजलंत.

आपल्या प्राण्याला जवळचे नातेवाईक तीन. तुम्ही त्यांना चुलत, मावस आणि परदेशातला भाऊ म्हणायचात. चुलत आपल्याच समुद्रातला, पण अंगाने दुप्पट आणि खोट्या डोळ्याचं निळं कडं अखंड. मावस लांब पूर्वेकडचा, त्याच्या कड्याला फट आहे पण कल्ल्याच्या पट्ट्या जास्त. आणि परदेशातला भाऊ म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणी गोऱ्या माणसाने चार ओळींत वर्णन करून ठेवलेला, चित्र नाही, एकुलता एक नमुना समुद्रापारच्या संग्रहालयात. तिथल्या लोकांना मी पत्रं लिहिली, त्यांनी फोटो पाठवले. तुम्ही ते फोटो कपाटाच्या दारावर चिकटवलेत. आमच्या घरी येणारी कामवाली गीता अजूनही त्या दाराकडे पाठ करूनच फरशी पुसते.

आणि मग आपला वाद. मी म्हणायचे, हा वेगळा नाही बाबा, हा चुलतच आहे. लहान वयाचा. वाट्यांची संख्या वयाने बदलते, कड्याची फट एखाद्यात असते एखाद्यात नसते. तुम्ही म्हणायचात, "वय वाढला म्हणान माणसाक सहावा बोट फुटता काय गो?" मी पुस्तकं काढायचे. तुम्ही पुन्हा मोजायला बसायचात. असे किती महिने! नितीन म्हणायचा, तुम्ही दोघं भांडत नसलात की घर सुनं वाटतं. लोकांना वाटायचं, मी काटेकोर आहे. तुम्हालाही तसंच वाटायचं. एकदा शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत होतात, "आमची सून सहजासहजी मानूची नाय. शास्त्रज्ञ आसा ती."

शास्त्रज्ञ! बाबा, मी का भांडत होते ते ऐका. हा चुलतच आहे असं ठरलं असतं, तर नळीचं काही महत्त्वच उरलं नसतं. साधा नेहमीचा प्राणी, त्याचा डीएनए गेला तर गेला. माझी चूक चूक राहिली नसती. तुम्ही नव्या प्राण्यासाठी भांडत होतात, मी माझ्या सुटकेसाठी. आणि माझ्या प्रत्येक आडमुठ्या शंकेमुळे तुम्ही अजून एकदा मोजलंत, अजून एक चित्र काढलंत, त्या डोळ्यांनी. परीक्षकांनी लिहिलंय की इतकं बारकाईचं वर्णन हल्ली पाहायला मिळत नाही. ते वाचून मला काय वाटलं असेल, विचार करा.

सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा मी एकटीने चारही नमुन्यांच्या कल्ल्यांच्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. चारही सारखे. लहान-मोठे, नर-मादी, सगळे सारखे, आणि चुलतापेक्षा वेगळे. तुमचं बरोबर होतं. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन आलात आणि मी म्हटलं, "बाबा, मानलं. वेगळा आहे." तुम्ही पिशवी तशीच खाली ठेवलीत, कांदे घरंगळले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तेव्हा सांगायचं होतं मला. ओठावर आलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, की मी कांदे गोळा करत बसले.

मग निबंध लिहायला घेतला. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं, यावरून मी हटले नाही. चौतीस वर्षांत तुमचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. आणि तुम्ही ते वाक्य सांगितलंत. "लिव. पहिल्या लेखकाचो निष्काळजीपणा." मी म्हटलं, असं कुणी लिहीत नाही बाबा. तुम्ही म्हणालात, "खरा आसा ता लिवक व्हया." मी वाद घातला नाही. माझी बोटं टाइप करत गेली. तुमचं नाव पहिल्यांदा छापून येणार, आणि त्याखाली तुमच्या निष्काळजीपणाची नोंद. असल्या निबंधांचं काय असतं ते तुम्हीच मला शिकवलंत. शंभर वर्षांनी कुणाला हा प्राणी पुन्हा सापडला तरी त्याला आधी हेच वाचावं लागणार.

जानेवारीत तुम्हाला न्यूमोनिया झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं ते राहिलंच. हॉस्पिटलात चार दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी नितीन खाली औषधं आणायला गेला होता, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं, आणि तुम्ही मास्क बाजूला करून म्हणालात, "ती नळी माझ्यामुळे गेली गो." मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "जाऊ द्या बाबा. होतं असं."

मी तुम्हाला माफ केलं! बाबा, माझ्या चुकीसाठी मी तुम्हाला माफ केलं! आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, बरं वाटल्यासारखी. त्या खोलीत आपण दोघंच होतो. नर्सही नव्हती. याहून चांगली वेळ देवाने कुणाला काय द्यायची? त्या दोन वाक्यांसाठी मला रोज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काल कॉलेजात माझ्या विभागातल्या मॅडमनी सुचवलं, प्राण्याला सासऱ्यांचंच नाव दे, छान श्रद्धांजली होईल. आमच्या शास्त्रात रीत अशी की लेखकाचं नाव त्याच निबंधातल्या प्राण्याला देत नाहीत. म्हणजे तुमचं नाव लेखकांतून काढावं लागलं असतं आणि मी एकटी उरले असते. त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या. मी म्हटलं, नाही मॅडम, त्यांना प्राणी व्हायचं नव्हतं, लेखक व्हायचं होतं. त्यांना ते कळलं नसावं. मला मात्र तिथेच कळलं की आता ते वाक्य तसंच ठेवता येणार नाही.

आज दुपारी नितीन घरी जेवायला आला. मी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. जुनं वाक्य खोडून मी लिहिलं होतं: "ऊतींचा नमुना घेण्याची स्पष्ट सूचना पहिल्या लेखकांनी दिली होती. दुसऱ्या लेखिकेने ती पाळली नाही. संपूर्ण नमुना थेट फॉर्मॅलिनमध्ये ठेवला गेला, आणि तुकडा काही तासांनी त्यातूनच घेतला गेला. पहिल्या लेखकांना हे सांगितले गेले नव्हते." नितीनने वाचलं. पुन्हा वाचलं. पोळी हातात तशीच राहिली.

"बाबांना माहीत नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून हात धुऊन आला, खिडकीपाशी उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉस्पिटलात चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं. म्हणाले, सूनबायचा नाव पयला घाल, माझा मागे. नळी मी घालवलंय, पयलो मान माझो नाय. मी म्हटलं, नंतर बघू. मला वाटलं होतं, सगळं आटोपलं की तुला सांगेन."

मी तिथेच जमिनीवर बसले. रडले, खूप रडले. नितीनही रडला. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

संध्याकाळी मी निबंध पाठवून दिला. तुमची ती शेवटची इच्छा मी पाळली नाही, बाबा. तुमचं नाव पहिलंच आहे. चूक माझ्या नावावर आहे.